पदरचे चार दिवस

कर्नाटकातल्या गुंदच्या त्या वाडीत घरं पाच, आणि पाचही घरांच्या तिथी रुक्माक्काच्या भिंतीवर. रुक्माचं माहेर खानापूरकडचं, चौथीपर्यंत मराठी शाळा झालेली. वाडीतल्या बायकांपैकी कुणी शाळेची पायरी चढली नव्हती, आणि त्यांची पोरं शिकली ती कन्नडात. त्यामुळं रामनगरच्या दुकानातून दर वर्षी येणारं मराठी कॅलेंडर वाचायला वाडीत रुक्मा एकटीच. सकाळी अंगण सारवून, तुळशीला पाणी घालून ती हात पुसते न पुसते तोच कुंपणापलीकडून हाक यायची, "अक्का, एकादशी आज का उद्या?" कुणाला हळद काढायची असायची, कुणाला नवी गाय दावणीला बांधायची असायची, कुणाची सून माहेरी निघायची असायची. रुक्मा भिंतीपाशी जाऊन बोट लावून वाचायची आणि मगच बोलायची. चाळीस वर्षांत तिनं चुकीचा दिवस सांगितला नव्हता. तिच्याकडं मान म्हणून जो काही होता तो एवढाच, आणि तो तिला पुरत होता.

बाकी तिच्या वाट्याला फार काही आलं नाही. अठराव्या वर्षी ती या वाडीत आली. नवरा कृष्णा जंगल खात्याच्या रोजंदारीवर, सागाची रोपं लावायला जायचा. पंधरा-पंधरा दिवस तिकडंच. आठ वर्षांपूर्वी छातीत दुखतं म्हणाला आणि जीप येईपर्यंत संपलं. लेक रेश्मा खानापूरच्या बाजूला दिलेली, तिला तिच्या घरातून मान वर करायला सवड नाही. मुलगा गुरुदास गोव्यात वेर्ण्याला कारखान्यात, सून प्रियांका तिथंच एका दुकानात. चतुर्थीला दोन रात्री सगळी यायची. त्या दोन दिवसांत घरात पाय ठेवायला जागा नसायची, आणि तिसऱ्या दिवशी देवाला निरोप दिला की देवाबरोबर सगळेच जायचे.

यंदा मे महिन्यात मात्र नात मयूरी एकटी आली. दहा वर्षांची. गुरुदासनं मोटारसायकलवरून आणून सोडली आणि चहा घेऊन तसाच परतला. पोरगी आपण होऊन आली असं रुक्माला वाटलं होतं. पहिल्याच संध्याकाळी तिनं पिशवीतून एक छापील कागद काढला, तेव्हा कळलं की शाळेनं पाठवली म्हणून आली.

"अज्जी, हे प्रोजेक्ट आहे. आजी-आजोबांबरोबर करायच्या दहा गोष्टी. प्रत्येकाचा एक फोटो लागतो."

"दहाच?" रुक्मा म्हणाली.

"दहा पुष्कळ झाल्या गं."

मयूरीकडं बापाचा जुना मोबाइल होता. तिनं कामाला सुरुवात केली. पहिली गोष्ट होती गोष्ट ऐकण्याची. रुक्मा चुलीपुढं बसून सांगायला लागली, रानात हरवलेल्या गाईची, आपल्या आजीकडून ऐकलेली. गाय नदीपाशी पोचली एवढ्यात मयूरीनं फोटो काढला आणि म्हणाली, "झालं."

"अगं, गाय अजून पाण्यातच हाय."

"फोटो आला ना अज्जी. उरलेली उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी गाणं झालं, अर्ध्या मिनिटाचं. मग गजगे खेळून झाले, तांदळाच्या भाकरी थापून झाल्या. जुने फोटो बघायचा एक रकाना होता, तिथं थोडी अडचण आली. घरात कृष्णाचा एकच फोटो होता, मतदानाच्या कार्डावरून मोठा करून घेतलेला, डोळे मोठे करून समोर बघणारा.

"तुमच्या लग्नाचा फोटो?"

"कुणी काढलाच न्हाई, बाय."

"मग तू लग्नात कशी दिसत होतीस?"

"मलाबी कुठं दिसले मी," रुक्मा म्हणाली.

मयूरी हसली आणि त्या एकुलत्या फोटोशेजारी आजीला उभी करून तिनं तोही रकाना भरला. रोज संध्याकाळी दोघी शाळेवरच्या टेपाडावर जायच्या, कारण वाडीत रेंज फक्त तिथं. तिथून फोटो गोव्याला जायचे. बुधवारी आलेल्या पोरीचे रविवार संध्याकाळपर्यंत नऊ रकाने भरले. टेपाडावरून गुरुदासचा आवाज फोनमधून मोठ्यानं ऐकू आला, "शाबास. आता एकच ऱ्हायलं ना? ते उद्या उरक. मंगळवारी नेतो तुला."

दहावा रकाना होता, काहीतरी लावा. झाड, वेल, बी, काहीही.

आणि ते तर सगळ्यात सोपं होतं. दिवस कोन लावण्याचेच होते. कोन म्हणजे कोनफळ. जोयड्याच्या या रानात ज्याच्या परसात कोनाचा वेल नाही ते घर नुसतं चार भिंतींचं. वैशाखात कंद कापायचा, प्रत्येक कापाला सालीचा तुकडा राहील असं बघायचं, शेणकाल्यात बुडवून राखेत घोळायचं आणि दुसऱ्या दिवशी खड्ड्यात पालापाचोळ्यावर ठेवून माती ओढायची. पौषात खणायचा. मयूरीला दोन काप लावायला अर्धा तास पुरला असता. अर्धा तास, एक फोटो, आणि मंगळवारी मोटारसायकल.

सोमवारी सकाळी मयूरी दात घासत परसात आली आणि कुदळ हातात घेऊन म्हणाली, "अज्जी, चल. दहावं."

रुक्माच्या तोंडून निघून गेलं, "आज लावायचं न्हाई."

"का?"

"अमावास्या जवळ आली. ती जाईपर्यंत कंद मातीत घालायचा न्हाई. आत पोकळ होतो."

अमावास्येच्या दिवशी कंद लावत नाहीत, एवढं खरं होतं. पण अमावास्या शुक्रवारी होती. तिच्याआधीचे चार दिवस रुक्मानं पदरचे घातले. आणि तेही त्या दिवशी एकादशी असताना, उपासाच्या तोंडानं.

मयूरीनं कुदळ ठेवली. संध्याकाळी टेपाडावरून तिनं बापाला तसंच सांगितलं, आणि गुरुदासनं एका शब्दानं खळखळ केली नाही. आईनं सांगितलेला दिवस त्यानं जन्मात कधी पडताळून पाहिला नव्हता. "बरं, मंग शनिवारी येतो," तो म्हणाला. रुक्मा शेजारीच उभी होती. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि उतरायला लागली.

त्या रात्री देवापुढं दिवा लावताना तिनं रोजच्यासारखे हात जोडले, पण वर बघितलं नाही.

पुढचे दोन दिवस मात्र असे गेले की असे दिवस तिला आठवत नव्हते. करायला काही उरलं नव्हतं, त्यामुळं मयूरी मोबाइल घरातच टाकून तिच्या मागं फिरायला लागली. दोघी ओढ्यावर गेल्या, दगड उचलून खेकडे बघितले आणि पुन्हा दगड ठेवले. गाईची गोष्ट पुरी झाली; मयूरीनं ती दोनदा सांगायला लावली आणि दुसऱ्या वेळी मध्येच टोकलं, "मघाशी तू म्हणालीस गाय काळी होती." मंगळवारी पहाटे रुक्मानं तिला उठवून अंगणात आणलं. पूर्वेला झाडांच्या वर चंद्राची बारीक कोर होती. चंद्र रोज किती झिजतो, आणि कोर बघून अमावास्येला किती दिवस उरले हे बोटावर कसं मोजायचं, हे रुक्मानं तिला दाखवलं. रुक्माला हे तिच्या वडिलांनी शिकवलं होतं. गुरुदासला आणि रेश्माला शिकवायचं राहून गेलं. त्यांना कधी उठवलंच नाही, सकाळी शाळा असायची.

"म्हणजे कॅलेंडर नसलं तरी चालतं?"

"ढग नसले म्हंजे चालतं."

बुधवारी मयूरी न उठवता उठली. कोर आणखी बारीक होती. "आज त्रयोदशी," ती आपण होऊन म्हणाली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात पडताळून आली. रुक्मा चुलीपाशी बसून ऐकत होती. तिच्या मनात आलं, हे कागदावर कुठल्या रकान्यात बसत नाही, म्हणून बरं आहे.

सोमवारपासून ती शेजारी केशरकडं फिरकली नाही. पोर घरात असताना कुठं जायचं, एवढंच. केशर तिच्याहून दोन वर्षांनी लहान, तीही विधवा. केशरचा मुलगा वासू रामनगरच्या गॅरेजात असतो. तिची कोनांची जागा खालच्या अंगाला ओढ्याकडं, रुक्माच्या परसातून न दिसणारी.

गुरुवारी सकाळी रुक्मानं मयूरीला केशरकडं विरजण आणायला पाठवलं. पोरगी वाटी घेऊन आली ती नाक मुरडत.

"अज्जी, केशरअज्जींच्या टोपलीला वास येतोय. त्यांचे कोन सडले."

"कुठले कोन?"

"कापून ठेवलेले. सोमवारी मी विरजणाला गेले होते ना, तेव्हा वासूकाका खड्डे काढत होता. मी सांगितलं, अज्जी म्हणते अमावास्या जाईपर्यंत लावायचे नाहीत. केशरअज्जी म्हणाल्या, गेल्या वर्षी तर एकादशीलाच लावले होते. मग म्हणाल्या, पण अक्का म्हणते म्हणजे असंल. आणि त्यांनी काम बंद केलं." मयूरीनं वाटी खाली ठेवली. "अज्जी, गेल्या वर्षी कसे चालले मग?"

शेणकाल्यात बुडवलेले काप दुसऱ्या दिवशी मातीत गेले नाहीत तर त्यांचं काय होतं हे रुक्माला कुणी सांगायला नको होतं. आणि आपण सांगितलेला दिवस आपल्या कुंपणात राहत नाही, हे चाळीस वर्षं माहीत असून सोमवारी तिला आठवलं नव्हतं.

ती उठली. ओटीवरच्या कणगीमागं तिनं स्वतःच्या बियाण्याचे कोन ठेवले होते. त्यातले निम्म्याहून जास्त टोपलीत घातले आणि केशरच्या अंगणात गेली. मयूरी मागोमाग आली. येऊ नको म्हणावं असं रुक्माच्या मनात आलं, पण तिनं म्हटलं नाही.

केशर ओट्यावर तांदूळ पाखडत होती. "ये, अक्का. चार दिवस कुठं हायस? नात आली की शेजार दिसत न्हाई व्हय?"

"केशर, कोन सडले म्हणं तुझे."

"सडले खरे. उन्हाळा बघतीस न्हवं. पण तू तरी काय करणार, दिवसच न्हवता. वासूनं दोन दिवसांची सुट्टी काढली होती, मंगळवारी गेला परत. आता खड्डे माझे मीच काढते सावकाश."

"दिवस होता," रुक्मा म्हणाली.

केशरचं सूप थांबलं.

"दिवस होता. सोमवारबी होता, मंगळवारबी. काल होता, आजबी हाय. मी खोटं सांगितलं. लावणं झालं की गुरुदास पोरीला नेणार होता, म्हणून."

केशरनं सूप बाजूला ठेवलं आणि तांदळातला एक खडा वेचून अंगणात टाकला.

"पोरीला ठेवायची होती तर पोरीच्या पायाला दोरी बांधायचीस," ती म्हणाली. "माझ्या कोनांना कशाला बांधलीस?"

"चुकलं."

"आणि वरच्या घरचं शिवानंदाचं? त्यांनीबी माझ्यावरून थांबवलंय. बरं झालं, त्यांनी अजून कापले न्हाईत."

"त्यांनाबी सांगते जाऊन."

"सांग. मी न्हाई सांगणार. माझ्या तोंडून बरं न्हाई दिसणार ते." केशरनं टोपलीकडं बघितलं. "हे काय?"

"बियाणं. खड्डे काढायलाबी येते मी."

"ठेव तिथं," केशर म्हणाली. तिनं चहा विचारला नाही. या अंगणात असं आजवर कधी झालं नव्हतं.

शिवानंदच्या घरी रुक्मा एकटीच जाऊन आली. शिवानंदची बायको नुसती "असं व्हय" म्हणाली आणि आत गेली.

ती परत आली तेव्हा मयूरी परसात खड्ड्याच्या जागेपाशी उकिडवी बसली होती.

"अज्जी, मी राहावं म्हणून खोटं बोललीस?"

"व्हय."

"मग मला सांगायचं ना सरळ, राहा म्हणून."

रुक्मा तिच्याशेजारी बसली. कृष्णा पंधरा दिवसांच्या कामाला निघायचा तेव्हा ती भाकरी बांधून द्यायची आणि दारात उभी राहायची. रेश्मा गेली, गुरुदास गेला. कुणाला राहा म्हणावं असं तिला कधी शिकवलं नव्हतं. जाणाऱ्याला मागून हाक मारू नये, एवढं शिकवलं होतं.

"तू ऱ्हायली असतीस?" तिनं विचारलं.

मयूरीनं प्रामाणिकपणे विचार केला. "दोन दिवस राहिले असते," ती म्हणाली. "पप्पांना विचारून."

त्या दुपारी त्यांनी कोन कापला. मयूरीनं राखेत काप घोळले, नाकाला राख लागली. शेणकाल्याचा एक दिवस त्यांनी वगळला, कारण उद्या अमावास्या, आणि ते मात्र खरं होतं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर दोन खड्ड्यांत दोन काप ठेवले. वेलाला चढायला बांबू रोवला. मयूरीनं मोबाइल आणला आणि आजीला खड्ड्याजवळ बसवून फोटो काढला. फोटोत रुक्मा मातीकडं बघत होती. "वर बघ ना अज्जी," मयूरी म्हणाली, पण दुसरा काढला नाही.

टेपाडावर फोटो गेला आणि लगेच गुरुदासचा फोन आला.

"आये, दहावा आला की. शनिवारपर्यंत थांबायचं होतं न्हवं?"

"न्हाई, मीच चुकीचं सांगितलं होतं. आज चालतं."

"तू चुकलीस?" तो हसला. "बरं, बरंच झालं. शनिवारी मला ओव्हरटाइम लागलाय, काय करावं म्हणत होतो. उद्या सुट्टी हाय. उद्याच येतो."

मयूरी आजीकडं बघत होती. रुक्मानं फोन दोन्ही हातांनी धरला.

"गुरू, आणखी चार दिवस ठेव की तिला."

"का गं, बरं न्हाई काय तुला?"

"बरी हाय."

"मंग?"

"मंग काय न्हाई. ऱ्हावी असं वाटतंय."

"सोमवारपासून तिचा क्लास हाय, आये. पयल्याच दिवशी खाडा नको. आणि उद्यानंतर मला यायला जमणार न्हाई." मग आवाज जरा उतरवून तो म्हणाला, "चतुर्थीला येतोच की सगळी."

"व्हय," रुक्मा म्हणाली. "या."

उतरताना मयूरीनं तिचं बोट धरलं होतं. वाट अरुंद, दोघींना एकदम चालता येईना, तरी तिनं सोडलं नाही.

शुक्रवारी पहाटे मयूरी आपण होऊन उठली आणि अंगणात जाऊन आली. "आज काहीच नाही दिसत," ती म्हणाली. रुक्मा म्हणाली, "आज नसतोच."

गुरुदास दहाच्या सुमाराला आला. जेवला, आईच्या हातची भाकरी बऱ्याच दिवसांनी म्हणाला, मयूरीची पिशवी मागं बांधायला लागला. रुक्मा उंबऱ्याशी उभी होती. अमावास्येला लेकराला वाटेला लावू नये. तिच्या आईनं कधी लावलं नाही, सासूनं लावलं नाही, आणि वाडीत कुणी विचारलं तर चाळीस वर्षं तिनं हेच सांगितलं होतं, उद्या निघा. हे पदरचं नव्हतं. एवढं म्हटलं असतं तर गुरुदास कदाचित थांबलाही असता, ओव्हरटाइम सोडून. आईचा शब्द तो अजून मोडत नव्हता. वाक्य तिच्या जिभेवर येऊन थांबलं. पण ते आता देवासाठी म्हणायचं की स्वतःसाठी, हे तिचं तिला सांगता येईना. सोमवारपर्यंत सांगता आलं असतं.

"घाटात सावकाश चालव," एवढंच ती म्हणाली.

मयूरी गाडीवर बसली, उतरली, आजीच्या पाया पडली आणि पुन्हा बसली. "पौषात कोन खणशील तेव्हा मला फोटो पाठव," ती म्हणाली.

"माझ्या फोनात फोटो निघत न्हाई, बाय."

"मग वासूकाकाला सांग."

"सांगते."

गाडी वळणापर्यंत दिसली, मग नुसता आवाज, मग तोही नाही. रुक्मा घरात गेली आणि देवापुढं बसली. मागण्यासारखं एकच होतं, पोर सुखरूप पोचू दे, आणि ते तिनं इतक्या वेळा मागितलं की शेवटी शब्द सुटे सुटे झाले. दुपारी ती केशरकडं खड्डे काढायला गेली. केशर एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला. केशर कामापुरतं बोलली, "तिथं दगड हाय, जरा अलीकडं घे." रुक्मानं अलीकडं घेतलं. पाच खड्डे झाले.

संध्याकाळी दिवा लावायच्या आधी ती हातपाय धुऊन टेपाडावर गेली. तिच्या बटणांच्या फोनवर रेंजची एक काडी आली, गेली, परत आली. ती उभीच राहिली. बसलं की जाते, असा तिचा अनुभव. खाली पाच घरांपैकी तिघांच्या चुलींचा धूर दिसत होता, तिच्या घराचा नव्हता. बऱ्याच वेळानं फोन वाजला.

"पोचलो, आये. मघाशीच पोचलो, तुला लावायचं राहून गेलं."

"बरं झालं. मयू?"

"झोपली. गाडीवरच पेंगत होती."

"उठवू नको," रुक्मा म्हणाली. "सकाळी तिला म्हणावं..." पण काय म्हणावं ते ठरेपर्यंत काडी गेली होती. तिनं फोन कानाला तसाच थोडा वेळ धरला. मग पदरात बांधला आणि अंधार पडायच्या आत वाट उतरायला लागली.